समुद्र नसलेल्या देशाचा दुखवटा

मी निघालो त्या दिवशी वडील मूर्तिजापूरच्या फलाटावर उकिडवे बसले होते. बाक रिकामा होता. पण सारा जन्म रेल्वेत गँगमन म्हणून गेलेला. स्टेशनातला बाक आपल्यासाठीही असतो, हे त्यांच्या अंगवळणी कधी पडलंच नाही. रत्ना, माझी बायको, ट्रंकेवर बसली होती आणि मिलिंद तिच्या मांडीवर झोपला होता. मला झांबियाच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली होती. पोचवायला आलेले मामा म्हणाले, "तिकडं सारे काळे हायेत म्हंतात, भाऊजी."

वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मंग आपन का गोरे हावो?"

सगळे हसले. गाडी आली तेव्हा वडील उठले आणि मला एवढंच म्हणाले, "मानसात राहजो. कोनाच्या घरी मयत झाली त जाजो. तिथलं बोलावनं नसते."

हे त्यांनी का सांगितलं ते मला ठाऊक होतं. गावात कुणी मेलं की पाहुण्यांना सांगावा पोचवायचं काम आमच्या आजोबांकडे असे. उन्हातान्हात कोसभर चालून सांगावा न्यायचा, अंगणाबाहेर उभं राहून तो ओरडून सांगायचा आणि तिथूनच मागे फिरायचं. आमच्या घरी मयत झाली तेव्हा मात्र गावातलं कुणी आलं नाही. पुढे आम्ही धर्म बदलला, शिकलो, नोकऱ्या धरल्या. मयतीचं हे तेवढं वडिलांच्या मनातून गेलं नाही.

हे मी गावाकडच्या माझ्या माणसांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. रत्ना गेली, हे तुम्हाला फोनवरून कळलंच. तिच्या दुखवट्याच्या दिवशी इथे कॅनडात, स्कारबरोत काय झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही. त्याची किळस माझ्या अंगावरून अजून उतरलेली नाही. लिहिल्यानं ती उतरेल, असंही वाटत नाही.

कार्यक्रम आमच्या बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये होता. सगळं प्रशांतनं केलं होतं. तो आमच्या मंडळाचा सचिव, नागपूरचा, एका बँकेत आयटीत आहे. रत्ना हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा बर्फातून मला ने-आण करणारा मुलगा तोच. त्याच्याबद्दल वाईट लिहायला मला जड जातं, म्हणून त्याचं चांगलं आधी लिहितो. निळ्या कापडावर दोन तसबिरी, शेजारी रत्नाचा फोटो, मेणबत्त्या, फुलं, समोर खुर्च्यांच्या रांगा. मिलिंद वॉटर्लूहून बायको आणि मुलीला घेऊन आला होता. त्रिसरण-पंचशील झालं आणि प्रशांतनं प्रोजेक्टर लावला. "सर, काकूंचा जीवनप्रवास बनवलाय. सिंपल ठेवलंय."

मूर्तिजापूर आलं, आमच्या लग्नाचा फोटो आला आणि मग पडद्यावर एक सिंह आला. सिंहामागे गवताची झोपडी. त्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं: झांबिया, आफ्रिकेतला भूवेष्टित देश, राजधानी लुसाका, मुख्य उत्पन्न तांबे, लोकसंख्येचा मोठा भाग गरीब. प्रशांत माइकवर म्हणाला, "अशा खडतर, मागासलेल्या ठिकाणी काकूंनी संसार केला. ना सोयी, ना आपली माणसं. इमॅजिन करा."

मी जन्मभर भूगोल शिकवला. देशांच्या नावांखाली अशाच ओळी मीही फळ्यावर लिहिल्या असतील. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि त्या वाचताना तोंडात आंबट पाणी आलं.

आता माझ्या पद्धतीनं लिहितो. झांबिया हे एक उंच पठार आहे. विषुववृत्त जवळ असूनही जूनमध्ये सकाळी स्वेटर लागतो. समुद्र नाही, पण पाणी अमाप: झांबेझी, काफुए या नद्या, आणि उत्तरेला बांगवेउलू, जिथे तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. पावसाआधी, जमीन ठणठणीत कोरडी असतानाच, तिथल्या रानाला पालवी फुटते आणि ती पालवी लाल असते. पहिल्या वर्षी रत्नाला वाटलं, झाडांना रोग पडला. वारुळं माणसापेक्षा उंच. पाऊस लागला की रस्त्याकडेला बायका छत्रीएवढी अळंबी विकायला बसत. रत्नाची नजर सारखी त्या बायकांच्या टोपल्यांवर. मिलिंद शाळेतून येताना भाजलेल्या अळ्या खाऊन यायचा. ती ओरडायची आणि खिशात उरलेल्या स्वतः तोंडात टाकायची.

आम्ही राहिलो ते मुफुलिरा हे तांब्याच्या खाणीचं गाव. काँगोची सरहद्द हाकेच्या अंतरावर. देशाचं पोट त्या एका धातूवर चालायचं, आणि धातू विकायला समुद्र हवा. म्हणून आठ शेजाऱ्यांपैकी कुणाशी ना कुणाशी गोड बोलून, आगगाडीनं तो दारेसलाम बंदरापर्यंत न्यायचा. एखाद्या शेजाऱ्याकडे लढाई पेटली की आमच्या दुकानातलं तेल आणि साबण नाहीसे होत. तांब्याचा भाव कुठेतरी लंडनमध्ये पडे आणि मुफुलिरात मक्याच्या पिठाला रांग लागे. भट्टीतून गंधकाचा धूर निघाला की बायका दोरीवरचे कपडे ओढून घेत आणि मुलं खोकत घरात पळत. गरिबी होती. पण तिथे आम्हाला कुणी आडनाव विचारून खुर्ची पुढे-मागे केली नाही. हे स्लाइडवर बसत नाही.

आणि तिथे बाना मुलेंगा होती.

तिचं नाव ग्रेस. तिकडे मात्र बाईला तिच्या पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. बाना मुलेंगा, म्हणजे मुलेंगाची आई. रत्ना पहिल्याच आठवड्यात बाना मिलिंद झाली, मी बाशी मिलिंद. रत्ना म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की. माझ्या आईलाही उभ्या जन्मात कुणी तिच्या नावानं हाक मारली नाही." बाना मुलेंगा माझ्याच शाळेत गणित शिकवायची. पुढे ती हेडमास्तरीण झाली, म्हणजे माझी साहेब. फार कडक बाई. उशिरा आलेल्या शिक्षकाला ती काही बोलत नसे. त्याचा तास स्वतः घेत असे आणि त्याला मागच्या बाकावर पोरांत बसवत असे. मीही एकदा बसलो आहे. त्या संध्याकाळी रत्ना इतकी हसली की शेजारची बाई बघायला आली.

या दोघींची भाषा कोणती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिचं बेम्बा, हिचं वऱ्हाडी, मधे इंग्रजीचे तुकडे. अंगणात बसून दोघी शेंगदाण्याचा कूट करायच्या. तिकडे पालेभाजी कूट घालून शिजवतात आणि मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर खातात. रत्नानं त्यात लसणाची फोडणी सुरू केली. बाना मुलेंगानं चव घेतली आणि म्हणाली, "भाजीला जखम केलीस." मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

नव्वदीच्या सुरुवातीला माणसं मरू लागली. तो आजार होता, ज्याचं नाव तेव्हा कुणी मोठ्यानं घेत नसे. स्टाफरूममधल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. शनिवार म्हणजे दफनाचा दिवस, असंच होऊन गेलं. तिकडे मयताच्या घरी जायचं म्हणजे भेटून यायचं नसतं. घरातलं सामान भिंतीला लावतात, बायका जमिनीवर बसतात आणि दिवसचे दिवस राहतात. आल्या आल्या नमस्कार-चमत्कार नाहीत. दारातूनच रडत आत यायचं. हातात पिठाची पिशवी किंवा सरपण. मग काम. मोठ्या भांड्यात उकड ढवळायची, भांडी घासायची, झाडायचं. आलेल्या बाईच्या हातात काम दिलं नाही, तर तिला परकी ठरवलं, असा त्याचा अर्थ होतो.

बाना मुलेंगाचा नवरा गेला तेव्हा रत्ना कमरेला तिकडचं रंगीत कापड, चितेंगे, गुंडाळून तिच्या घरी गेली आणि परत आली ती सगळं आटोपल्यावर. मी आणि मिलिंद घरी पाव खाऊन राहिलो. मला वडील आठवत होते.

पुढे खाणी विकल्या गेल्या, माणसं काढली, पगार महिनोन् महिने येईना. मिलिंदच्या शिक्षणासाठी आम्ही कॅनडाला अप्लाय केलं. इथे माझा भूगोल कुणाला नको होता. मी लायब्ररीत पुस्तकं जागेवर लावायचं काम धरलं आणि त्यातच रिटायर झालो. मिलिंद शिकला, वॉटर्लूला मोठ्या नोकरीला लागला. लहानपणी बेम्बात भांडणारा हा मुलगा कॉलेजात "ओरिजनली फ्रॉम इंडिया" झाला. मधली ती सगळी वर्षं त्यानं कुठे ठेवली, ते मला माहीत नाही.

या शहरात आपल्या लोकांच्या जेवणावळीत मी काय काय ऐकलं आहे. "त्या साइडला घर घेऊ नका, तिथे सगळे ते आहेत." "मुलीच्या वर्गात ते फार झालेत." हे म्हणणाऱ्यांचे बाप माझ्या बापासारखेच रुळांशी बसलेले. चौदा एप्रिलला समतेवर घसा कोरडा करायचा आणि पार्किंग लॉटमध्ये काळा पोरगा दिसला की गाडीचं लॉक दाबायचं. रत्ना अशा वेळी ताट ठेवून उठायची. मी बसून राहायचो, वाद घालायचो, आणि घरी आल्यावर जेवण जायचं नाही.

बाना मुलेंगा रिटायर झाल्यावर मुलीकडे, मुलेंगाकडे, स्कारबरोलाच आली. आमच्यापासून बसनं थोडक्या अंतरावर. रत्नाचं इथलं खरं आयुष्य त्यानंतर सुरू झालं, असं म्हटलं तरी चालेल. दोघी म्हाताऱ्या ग्रोसरीच्या दुकानात पांढरं मक्याचं पीठ शोधत फिरायच्या. रत्ना शेवटची बोलली तेव्हा म्हणाली होती, "त्या हॉलमध्ये भाषणं करतील माझ्यावर. करू दे. पण बाना मुलेंगाला रडू द्या. ती रडल्याशिवाय मला कुणी रडलं असं वाटायचं नाही." ते मी तिला कबूल केलं होतं. माझ्यावर तेवढी एकच जबाबदारी होती.

तर पडद्यावर सिंह होता, आणि दार उघडलं. बाना मुलेंगा. जाड कोटावरून चितेंगे गुंडाळलेलं, डोक्याला फडकं, हातात पिठाची पिशवी. प्रशांत माइक ठेवून दाराशी गेला. तो पुढे झाला, हळू आवाजात काहीतरी बोलला, तिच्या हातातली पिशवी घेऊन कोपऱ्यात ठेवली आणि तिला रबरी हातमोजे आणि कचऱ्याची एक मोठी काळी पिशवी दिली. हॉल साफ करायला त्यानं एक बाई ठरवली होती. ही तीच, असं त्याला वाटलं.

बाना मुलेंगानं पिशवी घेतली. क्षणभर ती पिशवीकडे पाहत राहिली. मग खाली वाकून रांगांमधून चहाचे कागदी कप गोळा करू लागली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज नव्हता. लोक पाय बाजूला घेत होते, कुणी न बघता कप पुढे करत होतं. एकीनं पर्स उचलून मांडीवर घेतली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. उठून ओरडावं, तर तिला सगळ्यांदेखत कळणार की तिला काय समजलं गेलं. गप्प बसावं, तर रत्नाच्या दुखवट्यात रत्नाची मैत्रीण कचरा वेचते आहे. मी उठलो, टेबलाखालची दुसरी काळी पिशवी घेतली आणि तिच्या शेजारच्या रांगेत कप गोळा करू लागलो.

पुन्हा माइकवर गेलेला प्रशांत तो सोडून धावत आला. "सर, अहो सर, तुम्ही बसा ना. ते लोक करतात."

"कोण ते लोक?"

"नाही, म्हणजे क्लीनिंगवाली..."

"ही बाना मुलेंगा आहे," मी मराठीत म्हणालो, आणि माइक लांब असूनही ते सगळ्यांना ऐकू गेलं. "रत्नाची मैत्रीण. माझी हेडमास्तरीण."

त्यापुढचं जास्त किळसवाणं होतं. आपली चूक कळल्यावर माणसं शरमेनं गप्प होतील, असं मला वाटलं होतं. ती एकदम गोड झाली. "ओह माय गॉड, मॅडम, सो सॉरी!" पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी झाली, कुणी तिच्या हातात गुलाब दिला, कुणी मोबाइल काढून फोटो घेतला. अध्यक्षांनी माइकवर जाहीर केलं की आफ्रिकन भगिनीही आपल्या दुःखात सहभागी झाली आहे, आणि ती दोन शब्द बोलेल. तिला आता टाळ्या. पिशवी द्यायलाही यांना वेळ लागला नाही, आणि टाळ्या द्यायलाही नाही.

ती खुर्चीत बसली नाही. गुलाब तिनं खुर्चीवर ठेवला, रत्नाच्या फोटोसमोर जमिनीवर बसली आणि रडली. "मायो! मायो! बाना मिलिंद!" मायो म्हणजे आई. तो आवाज मुफुलिराच्या प्रत्येक शनिवारचा. हॉलच्या काचा थरथरल्याचा भास झाला. लोक माना खाली घालून घड्याळं बघू लागले. नातीनं मला विचारलं, "आजोबा, व्हाय इज शी सो लाउड?" प्रशांत मिलिंदच्या कानात कुजबुजला, "मॅनेजमेंटला कम्प्लेंट जाईल रे." मिलिंद माझ्याकडे आला. "बाबा, प्लीज. तिला जरा सांगा ना."

"आईनं मागितलं होतं," मी म्हणालो. "आणखी काही मागितलं नव्हतं."

मिलिंद वळला. मग त्यानं जाऊन प्रोजेक्टर बंद केला. सिंह गेला.

बाना मुलेंगा त्या दिवशी परत गेली नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये आली, सोफा भिंतीला लावायला सांगितला आणि गादी जमिनीवर टाकली. मिलिंद मला किचनमध्ये म्हणाला, "किती दिवस राहणार आहे?" मला दुसरंच खात होतं: तिला कळलं होतं का? ती पिशवी तिनं तिकडच्या रिवाजाप्रमाणे, आलेल्या बाईला दिलेलं काम म्हणून घेतली असेल, तर माझ्या बोलण्यानंच तिला अपमान कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद तिच्यासमोर जाऊन बसला. घसा साफ करून इंग्रजीत म्हणाला, "आंटी, काल जे झालं... प्रशांतचा तसा हेतू नव्हता."

ती भाजी निवडत होती. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत लिहितो. "मिलिंद, मी इतकी वर्षं शाळा चालवली. पोरगं खोटं बोलतंय की घाबरलंय, हे मला दारातून कळतं. तो मला झाडूवाली समजला, ते मला पिशवी हातात येताच कळलं."

"मग तुम्ही घेतली का?"

"मयताच्या घरी दिलेलं काम परत करत नाहीत. कोणत्या मनानं दिलं, ते देणाऱ्याचं. कप तुझ्या आईच्या घरचे होते." तिनं त्याच्यापुढे पाट आणि सुरी सरकवली. "आता हे चिर. बारीक. आणि आंटी कोणाला म्हणतोस? अंगणात माझ्या मागे नागडा पळायचास."

मिलिंद हसला की रडला, सांगता येणार नाही. त्यानं मान खाली घातली आणि चिरायला लागला.

प्रशांतचा फोन आला. तो दोनदा सॉरी म्हणाला आणि मग म्हणाला, "पण सर, ऑनेस्टली, मिस्टेक कोणाचीही झाली असती." मी म्हटलं, "हो, आपल्यातल्या कोणाचीही झाली असती." तो बरं म्हणाला. त्याला त्यात माफी ऐकू आली असावी. मी मंडळात परत गेलेलो नाही. जाईनही कदाचित, माणसात राहायचं तर माणसं आहेत तशीच मिळतात. पण तिथला चहा घशाखाली उतरेल की नाही, शंका आहे.

मी किचनच्या दाराशी घुटमळत होतो. बाना मुलेंगानं मान वर केली. "बाशी मिलिंद, तुम्ही इथे काय करताय? पुरुष बाहेर बसतात."

तिकडे तसंच असतं. बायका घरात, पुरुष अंगणात शेकोटीभोवती, दफन होईपर्यंत आणि नंतरही. कुणी फार बोलत नाही. माझ्या आजोबांना लोकांनी अंगणाबाहेर उभं केलं, ते हाकलायला. हिनं मला बाहेर पाठवलं ते घरधनी म्हणून. ज्याची बायको गेली त्याची जागा तिथे असते. 'बाहेर' हा शब्द तोच होता, आणि मी पहिल्यांदा त्यानं दुखावलो नाही.

मी कोट घालून बाल्कनीत जाऊन बसलो. खाली बर्फ, बसस्टॉप, पार्किंग. इथे शेकोटीला परवानगी नाही. आतून दोन आवाज येत होते. ती मिलिंदला बेम्बात काहीतरी सुनावत होती आणि तो इंग्रजीत उत्तर देत होता. मग एकदा, अडखळत, त्यानं बेम्बात उत्तर दिलं. बरोबर होतं की चूक, मला कळलं नाही. तिनं त्याला हसून दुरुस्त केलं.

घर कुठे, असं मला लोक विचारतात तेव्हा मी मूर्तिजापूर सांगतो, कारण ते सोपं पडतं. खरं उत्तर असं आहे की, या थंडीत मला बाहेर बसायला सांगण्याचा हक्क ज्या बाईला आहे, ती ज्या घरात भाजी शिजवते आहे, ते. आत लसणाचा वास सुटला होता. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावण्याची मी वाटही पाहत नव्हतो.